नाताळाची मापं

ठाणे,
२० नोव्हेंबर

प्रिय लुसी,

नाताळच्या पदार्थांची आणि सजावटीची मापं मागितलीस ते फार बरं केलंस. आपल्या आया सगळं अंदाजाने करायच्या, नारळाचं दूध ‘लागेल तेवढं’ आणि साखर ‘बेताने’. पीठ किती ओलं हवं, तेल कधी तापलं, हे त्यांच्या हाताला कळायचं. म्हणून वजनं तर देतेच, पण कुठे काय बिघडतं आणि का, तेही लिहिते. पहिल्या वर्षी त्याचाच आधार जास्त लागतो.

पंधरा पदार्थांचा घाट घालू नकोस. तळलेले गोड कुलकुल, दूध-काजूचं मिल्क क्रीम, दारात स्टार आणि कोपऱ्यात बाळ येशूचा गोठा, एवढं झालं तरी मुलांना नाताळ कळेल. नेवऱ्या तुला येतातच. पेरूचं चीज, म्हणजे पेरूच्या गराची वडी, करायचं असेल तर ते मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच करून टाक, सगळ्यात जास्त तेच टिकतं. चाळलेला गर आणि साखर समसमान वजनाची, वर एका लिंबाचा रस. पेरू जरा घट्टच घे, पार मऊ पिकलेल्या पेरूचं चीज नीट जमत नाही. गर शिजताना उडतो आणि चांगलाच भाजतो, म्हणून लांब दांड्याचा चमचा वापर आणि मुलांना लांब ठेव.

आता कुलकुल. अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे बारीक रवा, ८० ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा मीठ, एक अंडं, तीन मोठे चमचे तूप आणि नारळाचं घट्ट दूध दीडशे ते पावणेदोनशे मिली. तूप कडकडीत तापवून मैद्यात घाल आणि पीठ मुठीत दाबून बघ. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर मोडली पाहिजे. मग अंडं, आणि दूध थोडं थोडं. पीठ पुरीच्या पिठाएवढं घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली तासभर ठेव, नाहीतर रवा फुगत नाही आणि वळताना कडा फाटतात.

बोराएवढी गोळी घ्यायची, नव्या कोऱ्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पातळ पसरायची आणि उचलत उचलत गुंडाळायची. जाड राहिली तर वरून लाल होते आणि आत कच्ची राहते. शेवटची कड चिमटून चिकटव. पीठ वाळलेलं असेल तर कडेला दुधाचं बोट लाव. कुलकुल तेलात उलगडतात ते बहुतेक वेळा या वाळलेल्या कडेमुळेच. तेलात विरघळल्यासारखे सुटायला लागले तर मोहन जास्त झालंय, उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा मळून घे. तळताना लगेच काळपट पडले तर साखर जास्त पडली किंवा तेल फार तापलंय. पिठाचा तुकडा टाकला की आधी तळाशी जावा आणि सावकाश वर यावा, तेवढंच तेल हवं. आच मध्यमच ठेव, एका घाण्याला सहा-सात मिनिटं लागू देत. घाई केलीस तर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

वरून साखर हवी असेल तर २०० ग्रॅम साखरेला ६० मिली पाणी घालून दोनतारी पाक कर, गॅस बंद कर, गार झालेले कुलकुल त्यात टाक आणि साखर पांढरी होऊन सुटी पडेपर्यंत हलवत राहा. पाक एकतारी राहिला तर डब्यात सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नकोस. १५ डिसेंबरच्या सुमारास केलेस तर नववर्षापर्यंत कुरकुरीत राहतात. आणि हे काम एकटीने करू नकोस, कुलकुल वळायला सगळं घर जमिनीवर बसलं पाहिजे. मुलांच्या वेड्यावाकड्या गोळ्याही तळ, फक्त जाड असतील त्या वेगळ्या घाण्यात.

मिल्क क्रीम फार दिवस राहत नाही, ते २१-२२ तारखेला कर. एक लिटर म्हशीचं दूध रुंद, जाड बुडाच्या भांड्यात निम्म्याहून कमी होईपर्यंत आटव. मग २०० ग्रॅम साखर, ती विरघळली की भिजवून दुधात बारीक वाटलेले १०० ग्रॅम काजू. काजू आधी घातलेस तर बुडाला धरतात. इथून पुढे हात थांबवायचा नाही. मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागलं की चमचाभर लोणी. थेंबभर थंड ताटलीवर टाक. बोटांत गोळी वळली आणि चिकटली नाही, तर झालं. कोमट असताना लोण्याच्या हाताने मळून साच्यात दाब. नक्षी उठली नाही तर अजून दोन मिनिटं आटव. रवाळ झालं तर जास्त आटलंय, दोन चमचे दूध घालून मंद आचेवर पुन्हा मळून घे. काजू तुमच्या वाशीच्या मसाला मार्केटात चांगले मिळतील. तुकडा घे, वाटायचेच आहेत.

स्टार विकत आणू नकोस, हे मी आग्रहाने सांगते. बांबूच्या ६० सेंटीमीटरच्या दहा पातळ कामट्या रात्रभर पाण्यात ठेव, म्हणजे वाकताना मोडत नाहीत. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या कर, कामट्या एकीवरून एकीखालून घालून, टोकं आणि छेद दोऱ्याने आवळून. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं बांध. मग आतल्या पाच छेदांमध्ये १० सेंटीमीटरच्या काड्या उभ्या अडकव, की स्टार पोटातून फुगतो. या काड्या सगळ्या सारख्याच हव्यात, एक जरी लांब झाली तरी स्टार वाकडा लटकतो. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटव: तोंडाला पांढरा, कडेच्या दहा त्रिकोणांना लाल. वाळल्यावर पाण्याचा अगदी हलका शिडकावा दिलास तर कागद ताणला जातो. मागचा मधला पंचकोन उघडा ठेव, तिथून ५ वॅटचा एलईडी दिवा आत जाईल. जुना पिवळा दिवा नको, तो तापतो. नेरुळला खाडीचा वारा असणार, तेव्हा खालच्या टोकालाही एक दोरी बांध.

गोठ्याभोवतीच्या शेतासाठी नाचणी रात्रभर भिजव, दिवसभर फडक्यात बांधून ठेव आणि १२ तारखेच्या सुमारास पसरट ताटलीत दोन बोटं मातीवर दाट पेर. पाणी फक्त शिंपड. साचलं तर बुरशी धरते. बाल्कनीच्या उजेडात ठेव, आतल्या खोलीत ती पिवळी पडून आडवी होते. विसरलीस तर १७ तारखेला गहू पेर, तो लवकर वाढतो. बैल-गाढव आणि पेंढा कशाला, असं मुलं विचारतील. त्यांना संत फ्रान्सिसबद्दल सांग. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३च्या नाताळात त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाण मांडली होती. बाळ २४च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचं नाही. बाळाला भेटायला येणारे तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव आणि रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यापाशी आण. मुलांना हे काम दिलंस तर गोठा शेवटपर्यंत त्यांचा राहतो.

शेजाऱ्यांची ताटं २४च्या संध्याकाळीच भर, विणलेल्या रुमालाने झाकून. तुमच्या मजल्यावर अंडं न खाणारे असतील तर त्यांचे कुलकुल बिनअंड्याचे कर. अंड्याऐवजी थोडं नारळाचं दूध वाढव आणि त्यांचा घाणा स्वच्छ तेलात आधी काढ.

मिल्क क्रीमचे रबरी साचे माझ्याकडे जास्तीचे आहेत. नेरुळहून ठाणे लोकल थेट आहे. रविवारी तलावाकाठच्या चर्चमध्ये मिस्साला ये, तिथूनच घरी येऊन साचे घेऊन जा. कामट्याही मी तासून ठेवते.

तुझी,
रीटा