घुसखोरी रोखायची, तर कापसा-कांद्याची वाट चालू ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेकायदा आलेल्या बांगलादेशी नागरिकांना पकडून परत पाठवल्याच्या बातम्या अधूनमधून आपल्या अंकात येतात. कारवाई व्हायलाच हवी. पण सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे. तिच्यात नद्या आहेत, दलदल आहे, सगळीकडे कुंपण टिकत नाही. परत पाठवलेला माणूस त्याच दलालाला पुन्हा पैसे मोजतो आणि येतो. तो घर का सोडतो, तिथवर जायचे असेल तर खानदेशाच्या हातातही एक धागा आहे, तो कापसाचा.

बांगलादेशात कापूस फारसा पिकत नाही. तिथल्या सूतगिरण्या आयात केलेल्या रुईवर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसावर, चालतात आणि भारतीय रुईचे ते मोठे गिऱ्हाईक आहे. पाच क्विंटल कापूस जिनात, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या गिरणीत, घातला आणि ३४ टक्के रुईचा उतारा पडला, की १७० किलोची एक गाठ बांधली जाते. बाकी सरकी आणि थोडी घट. ती गाठ ढाक्याजवळच्या गाजीपूर-नारायणगंजला गेली की तिचे सूत होते, कापड होते, शर्ट होतो. तयार कपड्यांच्या या धंद्यावर तिकडे सुमारे ४० लाख लोक, त्यातही बहुतांश बाया, पोट भरतात. घरात महिन्याचा पगार येत असला, तर रात्री नदी ओलांडून परमुलखात लपूनछपून राबायला कोण जाईल?

अडते कुठे ते सांगतो. आपल्याकडचे पेट्रापोल आणि तिकडचे बेनापोल हा दोन्ही देशांमधला रस्त्यावरचा सर्वांत मोठा व्यापारी नाका. आपला ट्रक पलीकडच्या आवारापर्यंतच जातो. तिथे माल उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरावा लागतो. जागतिक बँकेने २०२१ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार ही सीमा ओलांडायला सरासरी १३८ तास लागतात, त्यातले २८ तास नुसत्या या चढ-उतारात जातात. गाठीला पावसाचा ओलावा लागला की रुई पिवळी पडते, प्रत घसरते, मग भावावरून वाद. एकाच ट्रकने माल थेट पोहोचावा म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफूला वाहतूक करार केला. भूतानने पुढे त्यातून अंग काढले आणि बाकी तिघांची गाडीही नियमावलीतच रुतून बसली.

दुसरी अडचण डॉलरची. २०२२ पासून तिकडच्या बँकांना एलसी (आयातीच्या पैशांचे बँकेचे हमीपत्र) उघडायला डॉलर पुरत नव्हते. म्हणून जुलै २०२३ मध्ये रुपयात व्यवहार सुरू झाला. पण बांगलादेश आपल्याला जेवढा माल विकतो तेवढेच रुपये त्याच्या हाती येतात, आणि तो आपल्याकडून विकत घेतो त्याच्या कितीतरी पट. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने बेनापोलसह स्वतःच्या भूबंदरांतून, म्हणजे जमिनीच्या सीमेवरच्या नाक्यांतून, येणारे भारतीय सूत थांबवले. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे भूबंदरांवर अडवून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही दोन समुद्री बंदरे ठेवली. त्यांचा शर्ट इथे कमी विकला गेला तर त्यांच्याकडे रुपया कमी, आणि रुपया कमी तर आपली गाठ जिनातच पडून. या भांडणात दिल्ली आणि ढाका या दोघांनाही बोदवडचा जिनवाला दिसत नाही आणि गाजीपूरची शिवणकाम करणारी बाईही दिसत नाही.

कांद्याचेही तेच. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३, तीनदा निर्यात एका रात्रीत बंद झाली. साक्री-पिंपळनेरच्या शेतकऱ्याचा भाव पडला आणि तिकडच्या मजुराच्या ताटातला कांदा महागला. बंदी घालायचीच तर निदान हाती असलेल्या सौद्यांना तीस दिवसांची मुदत द्या. आणि फाल्गुन-चैत्रात त्यांचा स्वतःचा कांदा निघतो, तेव्हा आपला कांदा तिकडे ओतू नये. मेक्सिकोत नेमके हेच चुकले. १९९४ च्या मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेचा अनुदानित मका तिथे आला, दक्षिणेतला लहान मका-शेतकरी उठला, नवे कारखाने मात्र उत्तर सीमेलगत निघाले. पुढची दहा-बारा वर्षे अमेरिकेत जाणारे लोंढे वाढतच राहिले. व्यापार नुसता वाढवून भागत नाही. ज्या गावातून माणूस निघतो, त्या गावाला त्यातून काम मिळते का, हे पाहावे लागते.

बांगलादेशात अशी गावे सातखीरा-खुलना पट्ट्यात आहेत. मे २००९ च्या आयला वादळात बांध फुटले, भाताच्या खाचरांत खारे पाणी शिरले. तिथे आज कोळंबी पोसतात, आणि कोळंबीला भातलावणीइतके हात लागत नाहीत. भारताने बांगलादेशाला २०१०, २०१६ आणि २०१७ मध्ये मोठी कर्जे मंजूर केली, ती रेल्वे, बंदरे, वीज यांसाठी, आणि साधारण ७५ टक्के खरेदी भारतातूनच करण्याच्या अटीवर. बरीच रक्कम वर्षानुवर्षे पडून राहिली. त्यातला थोडा वाटा बांधदुरुस्ती, खारे पाणी सोसणारे भाताचे वाण आणि त्याच भागातल्या शिवणकामाच्या शेडसाठी गेला, तर तिथली माणसे तिथेच थांबतील. सीमेवरचे हाट चांगले आहेत, ते वाढवावेत. पण ७५ मीटर लांब-रुंद जागेत आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजाराने जिल्ह्याचा रोजगार उभा राहणार नाही.

शेवटी बांगलादेशी मजुरांसाठी हंगामी कामाचा परवाना. अक्कलकुवा-धडगावचे आदिवासी दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि काठीच्या होळीला घरी येतात, कारण पुन्हा जाण्याची वाट बंद होत नाही. १९५० च्या करारामुळे नेपाळी माणूसही तसाच येतो-जातो. जिथे एकदा घुसणे अवघड आणि महाग, तिथे आलेला माणूस परत जात नाही, उलट बायकापोरांनाही बोलावतो. न्यूझीलंडने २००७ पासून पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना फळबागांसाठी अकरा महिन्यांत साधारण सात महिन्यांपर्यंतचा परवाना दिला. मालक ठरलेला, निम्मे विमानभाडे मालकाचे, आणि नियमाने परतलेल्याला पुढच्या हंगामी बोलावणे. आपल्याकडे असा परवाना आणायचा तर किमान वेतन सक्तीचे हवे आणि परवाना मुकादमाच्या हाती नको. नाहीतर कागद नसलेला मजूर कमी पैशात राबतो आणि धडगावच्या मजुराचीही मजुरी पाडतो.

जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबारच्या खासदारांनी एवढे तीन प्रश्न संसदेत विचारावेत: भूबंदरांवरचे निर्बंध कधी उठणार, निर्यातबंदीपूर्वी मुदत देण्याचा नियम होणार का, आणि पडून असलेल्या कर्जातून सातखीरा पट्ट्याला काय मिळणार.

आपले,
जिनिंग-प्रेसिंग व्यवसायातील काही वाचक,
बोदवड-जामनेर, जि. जळगाव