बेचाळीसला थांबायचं म्हणतोस, त्याबद्दल

सातारा

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत मी चकल्या तळत होते तेव्हा तू सहज बोलून गेलास, "आई, बेचाळीसला मी नोकरी सोडून थांबणार." तेव्हा मी काहीच बोलले नाही. पण तो आकडा डोक्यातून जात नाही. मी स्वतः साठीऐवजी त्रेपन्नाव्या वर्षी घरी बसलेली बाई, तुला कोणत्या तोंडाने नको म्हणू? म्हणून बोलण्याऐवजी लिहायला बसले.

माझं सोडणं तू लांबून पाहिलंस. बीएसएनएलची स्वेच्छानिवृत्ती जाहीर झाली तेव्हा 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर 2019 अशी अर्जाची मुदत होती. पन्नाशी पूर्ण झालेल्या सगळ्यांना लागू. नोकरीच्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे 35 दिवसांचा पगार, साठीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षामागे 25 दिवसांचा. महिनाभर कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. चहा गार होत असे आणि पाकिटांच्या पाठीवर आकडेमोड चाले. मी मात्र आकड्यांवरून ठरवलं नाही. आजोबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. संध्याकाळी मी घरी पोचायचे तेव्हा त्यांची नजर दाराकडे लागलेली असायची. त्या नजरेने माझा अर्ज भरला.

31 जानेवारी 2020 ला देशभरात सुमारे 78 हजार माणसं एकाच दिवशी बाहेर पडली. आमच्या मजल्यावर आम्हीच एकमेकांच्या गळ्यात हार घातले. माझ्या ड्रॉवरची छोटी पितळी किल्ली कोणाकडे द्यावी म्हणून मी शोधत होते, तर ज्यांच्याकडे द्यायची तेही हार घालूनच उभे. शेवटी ती कुलपातच ठेवून आले. 31 वर्षांची नोकरी, आणि डोळ्यांसमोर राहिली ती किल्ली.

मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. आजोबांना भरवणं, कुशीवर वळवणं, दुपारी त्यांच्या नाटकांच्या त्याच त्या आठवणी ऐकणं. ऑक्टोबरात ते गेले. ते आठ-नऊ महिने मला मिळाले याचं समाधान आजही आहे. तेव्हा लवकर थांबणं वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण बाळा, मी थांबले तेव्हा माझ्यामागे पेन्शन होती. महागाई वाढली की तीही थोडी वाढते. तुझ्यामागे ती नाही. तुझ्या पीएफच्या पेन्शनचा हिशोब मी मांडून पाहिला. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची 15,000 रुपयांची मर्यादा, तिला नोकरीच्या 19 वर्षांनी गुणलं आणि नियमाप्रमाणे 70 ने भागलं, तर महिना 4,071 रुपये. तेही अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. पन्नाशीनंतर आधी घ्यायची म्हटलीस तर अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येकामागे 4 टक्के कपात. एवढ्यात घराचा किराणाही भागणार नाही.

वर्षाच्या खर्चाच्या 25 पट रक्कम जमली की झालं, असं तू म्हणालास. त्याचं मूळ मी शोधून वाचलं. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने 1994 साली तिथल्या बाजाराचे जुने आकडे घेऊन तो हिशोब मांडला, पैसे 30 वर्षं पुरावेत म्हणून. तू बेचाळीसला थांबलास आणि आजोबांसारखा पंच्याऐंशीपर्यंत जगलास, तर 43 वर्षं होतात. आज तुमचं घर महिना 80,000 मध्ये चालतं. महागाई 6 टक्के धरली तर बारा वर्षांत तेच 1,60,000 होतात, चोवीस वर्षांत 3,20,000. शिवाय छकुलीचं कॉलेज नेमकं त्या पहिल्या बारा वर्षांत येतं. तुझ्या गणितात ते मला कुठे दिसलं नाही.

आणि बेचाळीस हे वय! मी बेचाळीसची होते 2008 साली. तोवर ट्रंक बोर्डावर हेडफोन लावून नंबर जोडण्यातच माझी वर्षं गेली होती. तेव्हा मला ग्राहक सेवा केंद्रात टाकलं, समोर कॉम्प्युटर आला. ब्रॉडबँडच्या तक्रारी घ्यायच्या होत्या आणि मला माऊस धरता येत नव्हता. रात्री तुझ्या बारावीच्या पुस्तकांशेजारी बसून मी टायपिंग शिकायचे, आठवतं? कामाची खरी गोडी मला त्यानंतरच्या दहा वर्षांत लागली. खेड्यातला एखादा म्हातारा मुलाचा फोन लागला म्हणून काउंटरवर पेढे ठेवून जायचा. मी त्या वयात थांबले असते, तर माझ्या हाती नुसता बोर्डच राहिला असता.

तुला मी रात्री एक वाजता लॅपटॉपपुढे बसलेलं पाहिलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसुद्धा. डोळे लाल, आणि छकुली तुझ्या मांडीवर झोपून गेलेली. मला वाटतं तुला निवृत्ती नको आहे, झोप हवी आहे. ती मागायला आठ वर्षं कशाला थांबायचं? यंदाच दोन-तीन महिन्यांची रजा माग. पगार मिळाला नाही तरी चालेल, तेवढे आम्ही आहोत. रजा मिळत नसेल तर कमी पगाराची पण वेळेवर घरी सोडणारी नोकरी शोध. आकडा कमी झाला म्हणून माझ्या नजरेत तू काही कमी होणार नाहीस, आणि बाबांच्याही नाही.

एक काम मात्र लगेच कर. तुमचा तिघांचा स्वतःचा मेडिक्लेम काढ. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तुझं बीपी आत्ताच वर जातंय, सूनबाईने मला सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस.

रजा मिळाली की सगळे इकडे या. हुरड्याच्या दिवसांत आलात तर मामाच्या शेतावर जाऊ. येताना तुझी ती एक्सेल शीट घेऊन ये. औषधपाण्याचा आणि छकुलीच्या शिक्षणाचा रकाना मी भरून देते, मग आपण दोघं मिळून वय ठरवू.

तुझी,
आई