तीनातला एक अशक्त ठोका

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही. इतकी वर्षं रात्रीचा दिवस करून विमान उभं केलंस, आणि आता जोर दिला की सीटखालून थरथर येते. दोनदा प्रॉपेलर बॅलन्स केलास तरी ती गेली नाही, म्हणून तू इंजिन उतरवायला निघालायस. जरा थांब. अजून एकही बोल्ट सैल करू नकोस, आणि हे निस्तरेपर्यंत उडूही नकोस. दुसरी गोष्ट मी अगदी हात जोडून सांगतोय.

तू सहज लिहून गेलास की थरथर एकसारखी नसते, लाटेसारखी चढते आणि ओसरते. त्या वाक्यापाशी मी थबकलो. माझ्या इंजिनात हेच झालं होतं आणि त्या लाटेचा अर्थ कळायला मला बराच काळ लागला.

कागद घे आणि आकडे मांड. तुझंही इंजिन १३बी, माझंही: माझदाचं, पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणारं. ५४०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे, धर. एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे रोटर ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, सेकंदाला ९० फेरे घेतो. रोटर शाफ्टच्या एक तृतीयांश वेगानं फिरतो, म्हणून त्याचे ३०. तुझ्या गिअरबॉक्सचं गुणोत्तर २.८५ आहे, म्हणजे प्रॉपेलर १८९५ आरपीएमवर, सेकंदाला साधारण ३१.६ फेरे. आता ३० आणि ३१.६ शेजारी-शेजारी ठेवून बघ. प्रॉपेलरचं वजन कमीजास्त असेल तर हादरा ३१.६ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा, येणार. रोटरबरोबर फिरणारा काही दोष असेल तर तो ३० ला. हाताला, पाठीला या दोन्हींत काही फरक कळत नाही. पण दोन्ही एकाच वेळी असतील तर ते कधी एकमेकांत मिसळतात, कधी एकमेकांना मारतात, आणि दोन सेकंदांत साधारण तीन हेलकावे बसतात. तुझी लाट हीच असावी असा माझा दाट संशय आहे. लाट आहे म्हणजे दोष दोन आहेत, आणि तू आजवर एकाच्याच मागे लागलायस.

बॅलन्स करताना दुसऱ्या खेपेला वजन लावायचा कोन भलतीकडेच निघाला, असंही तू लिहिलंयस. तोही याच दुखण्याचा भाग आहे. बॅलन्सर, म्हणजे हादरा मोजून वजन कुठे लावायचं ते सांगणारं यंत्र, प्रॉपेलरवरच्या चकाकत्या पट्टीच्या आधारानं ३१.६ चा हादरा वेगळा काढू पाहतो, पण इतक्या जवळ ३० चा हादरा बसला असेल आणि नोंद जेमतेम अर्धा-एक सेकंदाची असेल, तर दोघांची सरमिसळ होते. कोन दर वेळी हलत राहतो. तो स्थिर येत नसेल तर वजन लावूच नकोस. आरपीएम अजिबात हलू न देता निदान वीस-तीस सेकंदांची नोंद घे, म्हणजे हादऱ्यांच्या आलेखात दोन शिखरं वेगळी दिसतील.

फोनवर मोजणार असशील तर एक खबरदारी घे. फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरच नमुने घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसत नाही. शाफ्टचा ९० चा हादरा त्याला १० वर दिसेल आणि तू नसलेला दोष शोधत बसशील. नमुन्यांचा वेग आधी तपास. सेन्सर गिअरबॉक्सच्या अंगावर घट्ट बसव. डॅशबोर्डच्या पत्र्यावर लावलास तर तो पत्र्याचंच गाणं ऐकवेल.

आता ३० चं शिखर खरंच दिसलं तर काय समजायचं? हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. रोटरला तीन बाजू आणि शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एक बाजू पेटते. इग्निशन आणि इंजेक्टर शाफ्टवरच्या सेन्सरच्या इशाऱ्यावर चालतात. समोर कोणती बाजू आली आहे हे त्यांना माहीतच नसतं. कॉइल मेली, इंजेक्टर तुंबला, वायर तुटली, तरी तिन्ही बाजूंना सारखाच फटका बसतो. मग दर तीन ठोक्यांमागे एकच अशक्त का पडेल? जे बिघडलंय ते रोटरवर बसून त्याच्याबरोबर फिरतंय म्हणूनच. म्हणजे सील, चेंबरमधला दाब अडवणाऱ्या पट्ट्या. रोटरच्या टोकावरचं एक ॲपेक्स सील गेलं तर त्याच्या दोन्ही अंगांच्या चेंबरमधला दाब जातो, रोटरच्या चपट्या अंगावरचं साइड सील अडकलं तर मुख्यतः त्याच्याच बाजूचा. ३० चं शिखर दिसलं की कॉइल बदलण्यात, वायरिंग उसवण्यात एक तासही घालवू नकोस. मी आख्खा महिना घालवलाय.

आणि हे तपासायला इंजिन उघडावं लागत नाही. मी कसं केलं ते सांगतो. इग्निशन आणि इंधन दोन्ही बंद केलं, शेपूट बांधलं, चाकांना अडसर लावला, प्रॉपेलरजवळ कोणालाही फिरकू दिलं नाही. मागच्या रोटरचा एक प्लग काढून तिथे कॉम्प्रेशन गेज लावलं आणि त्याची झडप दाबून धरली, म्हणजे काटा वर अडकून न राहता प्रत्येक ठोक्याला उडून खाली येतो. मित्राला स्टार्टर मारायला सांगितला. स्टार्टरवर शाफ्ट २५० आरपीएमच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला चार ठोके. काटा उडला, उडला, आणि तिसऱ्यांदा अर्ध्यातच बसला. पुन्हा दोन चांगले, एक मेलेला. मग गेज काढून नुसता कान दिला. फक्, फक्, फुस्. फक्, फक्, फुस्. ती लय अजून माझ्या कानात आहे. पुढच्या रोटरचे तिन्ही ठोके मात्र एकसारखे टणटणीत.

उघडल्यावर दिसलं ते एवढंसं होतं. रोटरच्या एका बाजूचं साइड सील खाचेत काजळीनं घट्ट चिकटलं होतं, नखानं दाबलं तर हलेना. बाकीची सीलं दाबली की खाली जायची आणि स्प्रिंग त्यांना पुन्हा वर ढकलायची. हे तसंच खाली. विमान बांधून होईपर्यंत मी इंजिन जमिनीवर तासन्‌तास मंद फिरवत ठेवायचो, ते पुरतं तापायच्या आतच बंद करायचो, आणि वर इंधनात तेलही सढळ हातानं मिसळायचो. काजळी साचायला आणखी काय हवं? तूही गेल्या पावसाळ्यात असंच करत होतास, म्हणून काळजी वाटते. खाच साफ केली, सील मोकळं झालं, नवी स्प्रिंग घातली. त्यानंतर प्रॉपेलर बॅलन्स केला तेव्हा कोन पहिल्या प्रयत्नात स्थिर आला.

प्रॉपेलरकडेही एकदा नीट बघ, कारण लाट आहे म्हणजे थोडा दोष तिथेही आहेच. प्लग काढून ठेव, पात्याच्या टोकाजवळ एक स्टूल ठेव आणि हातानं फिरवून बघ दोन्ही टोकं एकाच जागेवरून जातात का. तुझ्या पात्यांचा कोन जमिनीवर लावायचा आहे, तेव्हा दोन्हींचा कोन त्याच ठिकाणी, त्याच साधनानं मोज. कोनातला फरक वजन लावून जात नाही.

९० वरही शिखर दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे माझा पहिला प्रश्न काउंटरवेटचा, म्हणजे रोटरांचा तोल साधणाऱ्या शाफ्टवरच्या वजनाचा, असेल. १३बीच्या रोटरांचं वजन वेगवेगळ्या सालांत बदलत गेलं आणि त्याबरोबर पुढचं नि मागचं काउंटरवेटही बदललं. तुझे रोटर एका इंजिनातले आणि फ्लेक्सप्लेटवरचं (शाफ्टच्या मागच्या टोकाच्या चकतीवरचं) वजन दुसऱ्यातलं आहे, असं तूच मला एकदा बोलला होतास. ते वर्षावर्षानं जुळवून बघ. जुळत नसेल तर पेडलवर पायांना मुंग्या आणणारी बारीक थरथर येते, आणि ती आरपीएमच्या वर्गानं वाढते. ३००० ला जेवढी, ६००० ला तिच्या चौपट. थ्रॉटल कमीजास्त केल्यानं तिला फारसा फरक पडत नाही. याउलट एखादा आख्खा रोटरच अशक्त असेल तर ९० चा हादरा थ्रॉटलबरोबर बदलतो. तेव्हा प्रत्येक रोटरचे लीडिंग आणि ट्रेलिंग हे दोन प्लग आळीपाळीनं बंद करून बघ. लीडिंग बंद केल्यावर आरपीएम जास्त पडतात, ते नेहमीचंच आहे. १८० वर जे दिसेल त्याला हात लावू नकोस. दोन रोटरांचे ठोके मिळून ते होतातच.

कमी आरपीएमला गिअरबॉक्स खडखडतो म्हणालास, त्याची एवढी भीती नको. दात एकमेकांवर मागेपुढे आपटतात. त्या टप्प्यात रेंगाळू नकोस, झटकन वर ने. सायलेन्सर काउलिंगला (इंजिनाच्या आवरणाला) कुठे घासतोय का आणि माउंटचे, म्हणजे इंजिन धरणाऱ्या सांगाड्याचे, रबर कडक झालेत का, तेही जाता जाता बघून घे. माउंटच्या वेल्डिंगवरून मात्र भिंग घेऊन फिर. इतके दिवस थरथर सोसलीय त्यानं. इंधनाच्या नळ्यांचे जोडही हातानं तपास.

दोन्ही रोटरांच्या काट्याचा व्हिडिओ काढ, आवाजासकट, आणि पाठव. मागच्या रोटरपासून सुरुवात कर. मी जागाच आहे, कितीही उशीर झाला तरी फोन कर.

तुझाच