चिऊच्या लग्नाविषयी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई रडू लागते, म्हणून पत्र लिहीत आहे. चिऊचे लग्न ठरले आहे. विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिलेली आहे आणि तीस दिवस पुरे झाले की सह्या होतील. तेव्हा हे होऊ द्यावे की नाही, याचा खल आता करू नये.

मुलगा नांदेडचा, बँकेत अधिकारी, निर्व्यसनी आहे, त्याची आई शिक्षिका आहे. हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो, कारण तो आपल्या जातीतला असता तर एवढ्या साक्षी मी काढल्या नसत्या. त्याचे आजोबा 1979 साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे निघालेल्या लाँग मार्चमध्ये होते. हे ऐकून बाबा, तुम्ही गप्प का झालात, ते मला ठाऊक आहे.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे पेटले, त्यातले आपल्या गावापुरते मी माडीच्या खिडकीतून पाहिले. टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांची हत्या झाल्याची बातमी ओसरीवर आली, तेव्हा पानाचा डबा या हातातून त्या हातात फिरतच राहिला. वस्तीतली घरे जळाली त्या रात्री तुम्ही परड्यातल्या दाराने दोन पोती ज्वारी पाठवलीत, कंदील मीच धरला होता. पण सकाळी चावडीवर तुम्ही अवाक्षर काढले नाही. ती ज्वारी मी विसरलेले नाही आणि ती चावडीही. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.

आई, तिच्या आईचा कानतुटका कप गोठ्याच्या देवळीत पालथा असे आणि तू त्यात वरून चहा ओतत असस. मी त्या कपाने पाणी प्यायले, तेव्हा तू मला भरपावसात आडावर नेऊन डोक्यावरून पाणी घातलेस आणि मग ताप चढला म्हणून रात्रभर कपाळावर घड्या ठेवत बसलीस. आजीपुढे तुझे काही चालत नव्हते, हे मला समजते. तुला बोल लावायचा नाही. मात्र चिऊला त्या कपाची गोष्ट सांगूनच मी वाढवले आहे. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला, साडेपंधरा वर्षे गेली. तुमचा आशीर्वाद तिला त्यापेक्षा लवकर मिळावा, एवढीच माझी घाई आहे.

तुमच्या दिनक्रमात काही बदलणार नाही. आईचे देवघर, एकादशी, तुमची महिन्याची औषधे, सारे जसेच्या तसे राहील. गावात कोणी बोलले तर खुशाल माझे नाव पुढे करा. इकडे तुमच्यासाठी तळमजल्यावरची खोली घेतली आहे, जिना नाही, कमोड आहे, आणि ज्वारीच्या भाकरीचे सांगून ठेवले आहे. पंगत सर्वांची एकच असेल, हे मात्र आधीच सांगते.

बाबा, रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर लगेच घ्यायची, बारा वाजता नाही, आणि पट्टा बांधल्याशिवाय माडी चढायची नाही. आई, डोळ्यांचे थेंब संपेपर्यंत थांबू नकोस, आधीच कळव. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी पाठवते. यायचे नसेल तर ती रिकामी परत येऊ दे, पण चिऊचा फोन आला की बाबांनी टीव्ही बंद करावा.

तुमची,
बेबी