नावे ठाऊक नसलेल्यांचे आभार

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा आईने सत्तरी ओलांडली होती आणि बाबा ऐंशीच्या घरात होते. त्यानंतर ज्यांनी त्या दोघांना सावरले, त्यांतील बहुतेकांची नावेही आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सर्वप्रथम त्या तरुण डॉक्टरांचे, ज्यांनी बाबांची उडालेली झोप, घटलेले वजन आणि विसरभोळेपणा ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिला नाही. उतारवयातील नैराश्य अनेकदा अश्रूंऐवजी अशाच तक्रारींतून दिसते, हे त्यांनी समजावले. शोक हा आजार नव्हे. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ तो रोजचे जगणे अशक्य करत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याची नोंद आहे आणि त्यावर उपचारही आहेत, हे त्यांच्याकडूनच कळले.

दवाखान्यात बाबांशेजारी बसलेल्या, स्वतः मुलगी गमावलेल्या गृहस्थांनी ‘धीर धरा’ म्हटले नाही. ‘मुलाचे नाव काय होते?’ एवढेच विचारले, आणि कित्येक महिन्यांनी बाबा भावाविषयी भरभरून बोलले. लोक काळजीपोटी ते नाव टाळतात. मला वाटते, आईवडिलांना त्या टाळण्याचाच अधिक त्रास होतो.

मदतवाहिनीवरून आईशी बोलणाऱ्या ताईंचेही मनःपूर्वक आभार. ‘त्याच्याआधी मी जायला हवे होते’ हे तिचे वाक्य त्यांनी खोडून न काढता ऐकून घेतले, आणि मनात जीव देण्याचा विचार तर येत नाही ना, हेही स्पष्टपणे विचारले. असे विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. दोघांचेही उपचार अजून चालू आहेत.