पायांचा रंग आणि शेपटीचा झटका

साउथॅम्प्टन,
६ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी इचेन नदीच्या काठी दिसलेल्या ज्या चिमुकल्या पक्ष्याचे नाव मी तुम्हाला फोनवर सांगू शकले नव्हते, त्याची ओळख आता पटली आहे. ती कशी पटली हे तुम्हाला सविस्तर कळावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विलोच्या झाडांना अजून पाने फुटलेली नाहीत, पण पिवळे तुरे आले आहेत आणि त्यांवर बारीक कीटक घोंगावतात. ते टिपत हा पक्षी फांदीवरून फांदीवर फिरत होता. लांबी जेमतेम ११ सेंटीमीटर, म्हणजे आपल्याकडच्या शिंपी पक्ष्याहूनही लहान. वरून मळकट हिरवा, खालून फिकट पिवळसर, डोळ्यावर पुसट रेघ. पर्णवटवट्यांपैकी, म्हणजे झाडांवर कीटक टिपणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांपैकी, हा एक, एवढे तत्काळ कळले. पण इथे चिफचॅफ आणि विलो वार्बलर हे दोघे दिसायला इतके सारखे आहेत की, त्यापुढे माझी गाडी अडली.

पुस्तकात पायांचा रंग पाहा असे सांगितले आहे: चिफचॅफचे पाय काळपट, विलो वार्बलरचे बहुधा फिकट तपकिरी. उन्हात मला ते फिकट भासले आणि मी वहीत विलो वार्बलर लिहूनही टाकले. तुम्ही मला नेहमी सांगत आलात की पक्षी पुरता पाहिल्याशिवाय नाव लिहू नये, आणि नेमके तेच मी विसरले, याचे मला वाईट वाटले. बुधवारी पुन्हा गेले तेव्हा तो सावलीतल्या फांदीवर माझ्यापासून चार-पाच पावलांवर बसला होता, आणि पाय स्पष्ट काळे होते. शिवाय कीटक शोधताना तो शेपटी सारखी खाली झटकत होता, जी सवय चिफचॅफची खास खूण मानतात. मिटलेल्या पंखांची टोकेही आखूड होती. विलो वार्बलर हिवाळ्यात सहारा ओलांडून आफ्रिकेत दूरवर जातो, त्यामुळे त्याचे पंख लांब असतात. चिफचॅफ बहुतेक भूमध्य समुद्राच्या आसपास आणि पश्चिम आफ्रिकेपर्यंत जातो, काही तर इथेच राहतात.

एवढ्यात तो शेंड्यावर जाऊन गाऊ लागला: चिफ्, चॅफ्, चिफ्, चिफ्, चॅफ्. टिटवीप्रमाणे यालाही आवाजावरूनच नाव पडले आहे. विलो वार्बलरचे गाणे उंचावर सुरू होऊन हळूहळू खाली उतरत विरून जाते, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. मला विशेष आनंद याचा झाला की, याच हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली, दुर्बिणीवाचून, मुख्यतः निरनिराळ्या स्वरांवरून अशा तीन जाती वेगळ्या ओळखल्या आणि तेही एका पत्रातच लिहून कळवले. त्या काळी सगळ्यांना मिळून एकच पक्षी समजत असत.

आपल्या आंब्यावर हिवाळ्यात येणारा वटवट्या आता उत्तरेकडे निघण्याच्या बेतात असेल. तो जाण्याआधी त्याच्या पंखावर फिकट आडवी रेघ आहे का, हे कृपया पाहावे. ती असल्यास तो बहुधा हिरवट वटवट्या. चिफचॅफला तशी ठळक रेघ नसते. त्याचा आवाजही वहीत नोंदवून ठेवावा.

आईस साष्टांग नमस्कार.

आपली,
सुमी