सुट्टी सकाळी, गोळ्या संध्याकाळी: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मागच्या शुक्रवारी राउंडला मोठे डॉक्टर माझ्या बाबांना म्हणाले, "काका, आज सुट्टी." हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळी, टाकलेली, वय बहात्तर. नागपुरातलंच सरकारी रुग्णालय, नाव लिहीत नाही. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण त्यानंतरच्या दिवसभराशी आहे.

सुट्टीचं कार्ड लिहायला इंटर्न, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मिळेना. तो मिळाला तर सही करणारे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. सही झाली तोवर औषधाची खिडकी जेवणासाठी बंद. इकडे बेड दुसऱ्या पेशंटला गेला. सिस्टरचाही इलाज नव्हता. बाबा व्हरांड्यातल्या सिमेंटच्या बाकावर, मनगटावर सलाइनच्या सुईची पट्टी, मांडीवर रिपोर्टची पिशवी, आणि थोड्या थोड्या वेळाने "काय झालं गं?" शेवटी खिडकी उघडली. आतल्या माणसाने चिठ्ठीवरच्या तीन नावांभोवती पेनाने गोल केले आणि वर न बघता म्हणाला, "हे बाहेरून." त्या गोलात क्लोपिडोग्रेल होती! स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून जी गोळी एक दिवसही चुकवू नका असं बजावतात, तीच. बाहेरच्या मेडिकलवाल्याकडे मात्र सगळं होतं. त्याच्याकडे कधीच काही कसं संपत नाही, हे जरा खात्याला विचारा.

मी इथलीच, गाडी आहे, पैसे होते. शेजारच्या बेडवरचे काका पार गडचिरोलीतल्या एटापल्लीचे. एसटी चुकेल म्हणून हाती आल्या तेवढ्या गोळ्या घेऊन निघून गेले. त्यांचं पुढे काय झालं, हे तुमच्या कुठल्या रजिस्टरात लिहिलंय?

२०१७ मध्ये सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे दिलीत. जमेना म्हणून २०२३ मध्ये नवं खरेदी प्राधिकरण. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत, असंही वाजतगाजत सांगितलंत. पण ते सार्वजनिक आरोग्य खात्यापुरतं, तुमच्या खात्याच्या मेडिकल कॉलेजांना नाही. म्हणजे छातीत कळ आली की माणसाने आधी खातं विचारून घ्यायचं. दिवसाला शंभर जण सुटत असतील आणि प्रत्येकाचे सहा तास जात असतील, तर रोज सहाशे तास झाले. माझा हिशेब ढोबळ आहे. तुमच्याकडे पक्का आहे?

कार्ड आदल्या संध्याकाळी लिहा. पंधरा दिवसांच्या गोळ्या वॉर्डातच हातात द्या. जेवणाच्या वेळी खिडकीवर बदली माणूस बसवा. यासाठी कॅबिनेटची बैठक लागत नसावी.

पण तुम्हाला कशाला घाई? १९५३ च्या नागपूर कराराची आठवण ठेवून तुम्ही सगळे हिवाळ्यात अधिवेशनाला इथे येता. रस्ते रातोरात गुळगुळीत होतात, दुभाजकांना रंग लागतो, विदर्भाच्या अन्यायावर दोन्ही बाजू घसा कोरडा करतात आणि विमान पकडतात. आमदारांच्या दवाखान्याची बिलं सरकार भरतं, आमच्याच पैशांतून. माझ्या बाबांच्या तीन गोळ्यांचं बिलही माझ्याकडे जपून ठेवलंय. कुठल्या खात्याकडे पाठवू, तेवढं कळवा.

आपली,
एक नागपूरकर